स्यूडोलिथॉस घरात जगवायचं कसं

स्यूडोलिथॉस म्हणजे सोमालियाच्या वाळवंटातलं ते गोल, खडबडीत, हिरवट-करडं झाड. पान नाही, काटा नाही, फांदी नाही, आणि पहिल्यांदा बघणारा माणूस हमखास बोट लावून विचारतो की हे खरंच जिवंत आहे का. जिवंत असतं, पण बऱ्याच घरांत फार दिवस राहत नाही, कारण लोक त्याला कॅक्टस समजून सांभाळतात नाहीतर लिथॉप्स (ते दगडासारखं दिसणारं दुसरं छोटं झाड) समजून, आणि ते दोन्हींपैकी काहीच नाही. हे आपल्या रुईच्या कुळातलं झाड आहे, अपोसायनेसी, म्हणजे स्टॅपेलिया, सेरोपेजिया, होया ही सगळी याची भावकी. हे नातं डोक्यात ठेवलं की पुढच्या अर्ध्या गोष्टी आपोआप लक्षात येतात: उकाडा आवडतो, मुळं बारीक आणि नाजूक, फुलाला घाण वास, आणि बी म्हातारी होऊन उडून जातं.

पीटर बॅली नावाचे स्विस वनस्पतीशास्त्रज्ञ, ज्यांनी पूर्व आफ्रिकेत खूप काम केलं, त्यांनी १९५९ मध्ये या झाडांना लिथोकॉलॉन असं नाव दिलं होतं, मग कळलं की ते नाव आधीच एका जीवाश्म शेवाळाच्या नावावर आहे, म्हणून १९६५ मध्ये स्यूडोलिथॉस झालं. जुन्या लेखांत किंवा जुन्या लेबलवर लिथोकॉलॉन दिसलं तर गडबडून जाऊ नका, झाड तेच.

जाती मोजक्याच आहेत. सुरुवात करायची तर मिगियुर्टिनसने करा, ईशान्य सोमालियातला, बी त्यातल्या त्यात मिळतं, वाढतोही बऱ्यापैकी आणि वयात आला की मुठीएवढा होतो. क्युबिफॉर्मिस चौकोनी असतो, चार सपाट बाजू, फोटोत बघितलं की सगळ्यांना तोच हवा असतो, पण तो जास्त कटकटीचा आहे. कॅपुट-व्हिपेरी लहान, जमिनीला चिकटून बसणारा. डॉडसोनियानसही आहे, आणि मॅककॉयी मात्र समुद्रापलीकडचा, ओमानकडचा. माझं मत विचाराल तर मिगियुर्टिनस एक-दोन थंड्या काढेपर्यंत क्युबिफॉर्मिसकडे बघूसुद्धा नका.

घेताना

बियांपासून वाढवलेलंच रोप घ्या. जंगलातून उपटलेलं झाड ओळखायला फार अवघड नसतं, अंगावर जुने ओरखडे, खालचा भाग तपकिरी आणि खरखरीत झालेला, मुळं तुटलेली किंवा नाहीतच, आणि आकार एकदम मोठा. असं झाड घेणं दोन कारणांनी चूक, एक म्हणजे तिथली मुळातच थोडी असलेली झाडं आणखी कमी होतात आणि दुसरं म्हणजे ते तुमच्याकडे बहुतेक मरणारच, कारण वाळवंटात काढलेल्या वर्षांनंतर कुंडीत नव्याने मूळ धरणं त्याला जमत नाही. दोन-तीन सेंटिमीटरचं रोप सगळ्यात चांगलं, ते कुंडीतच जन्मलेलं असतं आणि तुमच्या खिडकीला पटकन सरावतं. दुसऱ्या देशातून मागवत असाल तर फायटोसॅनिटरी सर्टिफिकेटसकट, म्हणजे रोपाला कीड-रोग नसल्याच्या सरकारी दाखल्यासकट, मागवा, नाहीतर पार्सल कस्टममध्ये अडकून बसतं आणि तिथल्या अंधारात हे झाड सडतं.

हातात घेऊन तळाशी, म्हणजे जिथे अंग मातीला लागतं तिथे, अंगठ्याने हलकेच दाबून बघा. घट्ट लागलं पाहिजे. ऑनलाइन घेत असाल तर तळाचा फोटो मागा, वरचा फोटो सगळेच पाठवतात.

पाणी, आणि त्याआधी माती

सगळे विचारतात पाणी किती दिवसांनी द्यायचं. आठवड्याने, पंधरा दिवसांनी, महिन्याने, जो तो वेगळं सांगतो आणि आपापल्या जागी सगळेच बरोबर असतात, कारण खरं बघायचं असतं ते दिलेलं पाणी किती वेळात वाळतं. भरउन्हाळ्यात कुंडी दोन-तीन दिवसांत पूर्ण कोरडी झाली पाहिजे. तुमची कुंडी आठ दिवस ओली राहत असेल तर पाणी कमी देऊन उपयोग नाही, माती बदला, कुंडी लहान करा, वारा वाढवा. पाणी कमी देणं हा त्यावरचा उपाय वाटतो खरा पण मग झाड एकीकडे अर्धवट ओल्या मातीत आणि दुसरीकडे तहानलेलं असं राहतं आणि बारीक मुळं आधी वाळून मरतात आणि मग त्या मेलेल्या मुळांतूनच सड आत शिरते.

मातीचं म्हणाल तर चार भागांतले तीन भाग दगडी माल हवा: प्युमिस (ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड), पर्लाइट (नर्सरीत मिळणारे पांढरे हलके दाणे), बारीक खडी, विटेचा चुरा, जे हाताशी असेल ते, पण चाळून घेतलेलं. दोन ते पाच मिलिमीटरचे दाणे ठेवा आणि खालची भुकटी फेकून द्या. ही भुकटीच पाणी धरून ठेवते आणि लोक नेमकी तीच फेकायला विसरतात. उरलेला एक भाग चांगलं कुजलेलं कंपोस्ट किंवा पानांचं खत. कोकोपीट मी तरी टाळतो, एकदा पूर्ण वाळलं की परत नीट भिजत नाही आणि भिजलं की वाळत नाही, दोन्हीकडून वैताग. समुद्राची वाळू नको, मीठ असतं. अगदी बारीक वाळूही नको, ती दाण्यांमधली हवा खाऊन टाकते.

कुंडी मातीची, बिनरंगाची, झाडापेक्षा बोटभरच रुंद आणि फार खोल नाही. मुळं वरवरच पसरतात, खालची चार इंच माती नुसती ओल साठवून बसते. लावताना अंगाचा तळ मातीत गाडू नका, मातीच्या पातळीवर ठेवा आणि बाजूने जाड खडीचा थर द्या म्हणजे पाणी दिल्यावर तळ ओल्या मातीला टेकत नाही. या झाडाच्या बाबतीत हा खडीचा थर शोभेसाठी नसतो, तो नसला तर नव्वद टक्के सगळं बरोबर करूनही झाड तळाशी सडतं.

आता पाणी द्यायची रीत. बांबूची काडी, म्हणजे कबाबला वापरतात ती, कुंडीच्या कडेने तळापर्यंत खुपसून ठेवा आणि बाहेर काढून गालाला लावून बघा. गार लागली तर ओल आहे, अजून थांबा. काही दिवसांनी काडीचीही गरज उरत नाही, कुंडी उचलली की वजनावरूनच कळतं. कोरडी असेल तर पाणी भरपूर द्या, खालच्या भोकातून वाहून जाईपर्यंत, आणि बशीत साचलेलं ओतून टाका. चमचाभर पाणी घालत बसू नका, त्याने वरचा सेंटिमीटरच ओला होतो आणि मुळं वरच येऊन भाजतात. पाणी सकाळी द्या, दिवसभर ऊन आणि वारा मिळतो. पावसाचं पाणी मिळालं तर उत्तम, क्षार असलेल्या जड पाण्याने अंगावरच्या खाचांत पांढरे डाग बसतात आणि ते पुसायला गेलात तर वरची कातडी खरवडली जाते.

कॅक्टसवाले इथेच फसतात. गरमीत याला महिनाभर कोरडं ठेवलं तर ते तग धरतं पण मुळं गमावतं, आणि मुळं गेलेल्या झाडाला एकदम भरपूर पाणी दिलं की आठवड्याभरात संपलं. म्हणजे उकाड्यात नियमित पाणी, वाळलं की लगेच, आणि थंडीत जवळपास नाहीच. लहान रोपांना थंडीतही पंधरा-वीस दिवसांनी एखाद्या ऊबदार सकाळी थोडं द्यावं लागतं, नाहीतर ती नुसतीच वाळून जातात.

ढगाळ, दमट दिवस सलग आले की पाणी बंद. हवेतच इतकी ओल असते की कुंडी वाळणार नाही, मग घालून काय करायचं. अशा दिवसांत झाड पावसाच्या थेंबाखाली नको आणि एक छोटा पंखा, अगदी कॉम्प्युटरच्या आतला असतो तसलाही चालतो, दिवसभर मंद चालू ठेवा. वाऱ्याने जेवढी झाडं वाचतात तेवढी कुठल्याही बुरशीनाशकाने वाचत नाहीत, निदान माझ्या बघण्यात तरी नाही.

ऊब आणि ऊन

रात्रीचं तापमान १५ अंशांच्या खाली जायला लागलं की झाड आत आणा. पूर्ण कोरडं असेल तर थोडे दिवस १० पर्यंत निभावतं, ओलं असेल तर मात्र १२-१३ ला सुद्धा धोका असतो. खिडकीची काच थंडीत फार गार पडते हे लोक विसरतात, खोली उबदार वाटते आणि कुंडी काचेला टेकून गारठत असते. हीट मॅट असेल तर ती थंडीत कामाला येते, खालून ऊब मिळाली की मुळं जिवंत राहतात.

ऊन भरपूर, पण भाजणारं नको. सकाळचं थेट ऊन तीन-चार तास आणि नंतर जाळीतून किंवा पातळ पडद्यातून गाळलेला उजेड, हे चांगलं जमतं. जास्त उजेडात अंग लालसर तपकिरी होतं, ते वाईट नाही, कित्येकांना तोच रंग आवडतो. पण सावलीतल्या झाडाला एकदम उन्हात ठेवलं तर एका दुपारीत पांढरा-पिवळा चट्टा पडतो आणि मग तो खपलीसारखा कायमचा राहतो, कारण याला गळायला पानंच नाहीत, हीच कातडी आयुष्यभर असते. म्हणून रोज थोडं थोडं वाढवत न्या. उजेड कमी पडला तर झाड वर ताणलं जातं, टोकाकडे निमुळतं होतं, आणि तो आकार परत गोल होत नाही. ग्रो लाइट वापरत असाल तर दिवसाला १२ ते १४ तास, आणि मधूनमधून कुंडी थोडी फिरवत जा.

खत फार मनावर घेऊ नका. गरमीत महिन्यातून एकदा, कमी नायट्रोजनचं, पाकिटावर लिहिलंय त्याच्या पाव ताकदीचं. जास्त खाऊ घातलेलं झाड फुगतं, कातडी फाटते आणि फाटलेल्या जागेतून सड शिरते.

सुकलंय की सडतंय?

हे नीट ओळखता आलं नाही तर लोक सडणाऱ्या झाडाला तहानलेलं समजून पाणी घालतात आणि प्रकरण तिथेच संपतं. तहानलेलं झाड सगळीकडून सारखं आक्रसतं, खवल्यांमधल्या रेषा खोल होतात, पण रंग तोच राहतो आणि दाबलं तर रबरासारखं लागतं, चिखलासारखं नाही. पाणी दिलं की दोन-तीन दिवसांत परत भरून येतं. सडणाऱ्या झाडाचा रंग आधी बदलतो, तळाशी किंवा एका बाजूला पिवळट, मग पाणी सुटल्यासारखा तपकिरी, कातडी आतून ओली आणि अर्धवट पारदर्शक दिसायला लागते, आणि दाबलं की बोट आत जातं. तिसरा प्रकार सगळ्यात फसवा: माती ओली आहे आणि तरी झाड आक्रसतंय. म्हणजे मुळं गेली. लगेच उपटा, माती झाडा, मेलेली मुळं कापा आणि झाड सावलीत उबदार जागी कोरडं ठेवा, आठवडाभर तरी. मग कोरड्या प्युमिसवर नुसतं बसवा, पुरू नका, आणि खालच्या प्युमिसला अगदी जरासा ओलावा द्या.

सड अंगात शिरली असेल तर धारदार ब्लेड स्पिरीटने पुसून घ्या आणि खालून चकत्या कापत वर जा, प्रत्येक कापाला ब्लेड परत पुसा, आत एकही तपकिरी ठिपका दिसेनासा होईपर्यंत. कापल्यावर गंधक पावडर लावून सुकू द्या. खरं सांगायचं तर असं वाचलेलं झाड क्वचितच मूळ धरतं. याहून बरा उपाय म्हणजे तो निरोगी वरचा तुकडा कलम करणं, आणि त्यासाठी खुंट म्हणून सेरोपेजिया वूडीचा कंद वापरतात, तीच ती हृदयाच्या आकाराच्या पानांची लोंबती वेल जी अनेकांकडे असते, तिच्या दोरीवर छोटे बटाट्यासारखे कंद येतात. मुळं धरलेला कंद वरून सपाट कापायचा, झाडाचा तुकडा सपाट कापायचा, येणारा रस टिपायचा, आणि दोघांच्या मधली गोल कडी, म्हणजे ज्यातून पाणी वाहतं ती, एकमेकींवर निदान थोडी तरी येईल असं बसवून रबरबँड किंवा हलकं वजन ठेवायचं. उबदार सावलीत आठ-दहा दिवस हलवू नका. स्टॅपेलियाच्या जाड दांड्यावरही होतं. काही शुद्धतावादी मंडळी कलमी झाडाला नाकं मुरडतात, मुरडू देत, कलमी झाड फुलतं, बी देतं आणि थंडीही जास्त सोसतं.

किडीत सगळ्यात त्रासदायक म्हणजे पिठ्या ढेकूण. वरचा दिसतो, इअरबड स्पिरीटमध्ये बुडवून टिपून काढता येतो, पण मुळांवरचा दिसत नाही, म्हणून कुंडी बदलताना मुळांवर पांढरा कापसासारखा लेप आहे का ते बघाच. लाल कोळी कोरड्या गरम हवेत येतो आणि कातडीवर राखाडी-तपकिरी खरवडल्यासारखे डाग ठेवून जातो, ते डाग कीड मेल्यावरही राहतात.

बियांपासून

मला विचाराल तर या झाडाची खरी मजा इथे आहे. बी ताजं असलं पाहिजे, जुनं झालं की उगवण झपाट्याने कमी होते, म्हणून विकणाऱ्याला शेंग कधी फुटली ते विचारा आणि त्याने टाळाटाळ केली तर सोडून द्या. पेरायला मातीचा माल तोच पण दाणे आणखी बारीक, वरून उकळतं पाणी ओतून निर्जंतुक केलेला आणि मग थंड झालेला. बी सपाट असतं, वरच ठेवा, अगदी पातळ थर खडीचा द्या. २५ ते ३० अंशात तीन ते सात दिवसांत उगवतं. इतक्या पटकन उगवतं की पहिल्यांदा पेरणाऱ्याला खोटं वाटतं. भांड्यावर झाकण किंवा पारदर्शक पिशवी ठेवा, पण उगवलं की रोज थोडं थोडं उघडत जा, दोन-तीन आठवड्यांत पूर्ण उघडं. झाकून ठेवलेली रोपं बुरशीने एका रात्रीत आडवी होतात. कुंडीभोवती बारीक काळी चिलटं घिरट्या घालताना दिसली तर लगेच पिवळे चिकट सापळे लावा, त्यांच्या अळ्या या रोपांची मुळं आणि तळ आतून पोखरतात.

पहिल्या वर्षी रोपांना मोठ्या झाडापेक्षा जास्त वेळा पाणी लागतं आणि ऊन कमी. चांगल्या उबेत दोन-तीन वर्षांत फुलं येतात.

फुलं अंगाच्या बाजूने गुच्छात येतात, बारीक, गडद किरमिजी-तपकिरी, कडांना लव, आणि वास कुजक्या मांसाचा. माश्यांना बोलवायला हा वास असतो. एका झाडाचा वास नाक जवळ नेल्याशिवाय फारसा त्रास देत नाही, पण चार झाडं एका खोलीत फुलली की घरातले तुमच्याकडे संशयाने बघायला लागतात. बी हवं असेल तर दोन वेगळ्या बियांपासून वाढलेली झाडं एकाच वेळी फुललेली लागतात, स्वतःच्या परागाने शेंग धरत नाही. यांचा पराग पावडरसारखा सुटा नसतो, चिमुकल्या पिवळ्या गोळ्यांच्या जोड्या असतात, माशीच्या पायाला किंवा सोंडेला अडकून दुसऱ्या फुलाच्या खाचेत जातात. भिंगाखाली ताठ केसाने हे काम करणारे लोक आहेत, त्यांच्या चिकाटीला नमस्कार, पण गरम दुपारी दोन्ही झाडं शेजारी शेजारी बाहेर ठेवून माश्यांना येऊ देणं फार सोपं.

शेंगा जोडीने येतात, दोन शिंगं फुटल्यासारख्या, आणि कधी कधी फूल गळून गेल्यावर बऱ्याच उशिराने वाढायला लागतात, म्हणून वाळलेला गुच्छ लगेच खुडू नका. शेंग पूर्ण मोठी झाली की तिच्याभोवती जाळीच्या कापडाचा तुकडा सैल बांधा किंवा नुसता दोरा गुंडाळा. ही उभी चिरते ती बहुतेक दुपारी, तुम्ही घरात नसताना, आणि प्रत्येक बीला पांढरा रेशमी झुबका असतो, खिडकी उघडी असली तर संध्याकाळपर्यंत एकही मिळत नाही. बी काढलं की झुबका चिमटीत धरून वेगळा करा, दोन दिवस सावलीत वाळू द्या, कागदाच्या पाकिटात घालून त्यावर दोन्ही पालकांची नावं आणि महिना लिहा, आणि उबदार दिवस असतील तर ठेवू नका, लगेच पेरा. कुंडीतलं हे झाड तसंही फार दीर्घायुषी नसतं, त्यामुळे ज्यांच्याकडे ते वर्षानुवर्षं दिसतं त्यांच्याकडे बहुतेक वेळा मागच्या रांगेत छोट्या रोपांचा एक ट्रे असतोच. जास्तीची रोपं ओळखीच्यांना वाटून टाका, तुमचं झाड गेलं तर बी परत मागायला कोणीतरी असेल.